डिझेल पंप अडीच मिलिमीटर सरकला, म्हणजे नेमकं काय झालं?

एप्रिलचं ऊन, तुळजापूरचा घाट, मागे जनरेटरची ट्रॉली आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. आमच्या जुन्या पिकअपचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पातळ चकती, त्या दिवशी गेलं. रेडिएटर महिन्यापूर्वीच साफ करून घेतला होता, पंख्याचा पट्टा धड होता, पाणी सकाळी मी स्वतः बघितलं होतं. तुळजापुरात लग्नाचा मांडव उभा आणि त्याची वीज आमच्या ट्रॉलीवर अवलंबून. जनरेटर कसाबसा एका ट्रॅक्टरमागे लावून पोहोचवला आणि गाडी टोचन करून सोलापुरात आणली.

ज्यांनी ती उघडली ते चाचा आयुष्यभर डिझेल पंप आणि नोझलचंच काम करत आलेत. हेडच्या नटाला हात लावण्याआधी त्यांनी पंपाच्या फ्लँजवर, म्हणजे पंप इंजिनाला जिथे बोल्टनं बसतो त्या कडेवर, टॉर्च मारली. "मालक, पंप कुणी हलवला हो? कंपनीची खूण इथं आहे आणि पंपावरची तिथं. अडीच मिलिमीटरचा फरक आहे की."

हलवला होता. महिनाभर आधी एका गॅरेजात मी "ओढ कमी वाटते" असं म्हणालो होतो. तिथल्या माणसानं पंपाचे बोल्ट ढिले केले, पंप अंदाजानं जरासा फिरवला आणि बोल्ट आवळले. होटगी रोडवर रिकामी गाडी पळवून बघितली तर खरंच हलकी झाली होती. मी खूश होतो. अडीच मिलिमीटर आणि हेड गॅस्केट यांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तो संबंध पुढे चाचांच्या दुकानात बसून समजून घेतला. सोलापूर भागात अशा जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाड्या अजून भरपूर आहेत, आणि जनरेटर, पाण्याची टाकी, काँक्रीट मिक्सर असं काहीतरी मागे लावून त्या रोज राबतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. कॉमन रेल इंजिनात टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे पंप फिरवून काही होत नाही. हा लेख त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते तेव्हा आग लागते. डिझेलला ठिणगी नसते. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबली जाते, थेट इंजेक्शनच्या इंजिनात साधारण १७-१८ पट, आणि वेगळ्या छोट्या चेंबरच्या जुन्या इंजिनात २१ ते २३ पट. एवढी दाबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला चाललं तेव्हापासून तत्त्व हेच आहे. म्हणजे आग कधी लागणार हे फवारा कधी सुटला यावर ठरतं, आणि फवारा कधी सुटणार हे पंप ठरवतो. टायमिंग म्हणतात ते एवढंच.

पण फवारा सुटला त्याच क्षणी आग लागत नाही. आधी डिझेलचे थेंब तापतात, त्यांची वाफ होते, ती हवेत मिसळते, मग ती पेटते. यात साधारण एक मिलिसेकंद जातो. एका सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण इंजिन तेवढ्यात बरंच फिरतं. १००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) ६ अंश फिरतो, २००० ला १२ अंश आणि ३००० ला १८ अंश. पेटलेल्या वायूचा सर्वांत मोठा दाब पिस्टन टॉपवरून, म्हणजे अगदी वरच्या जागेवरून, खाली निघाल्यावर, साधारण १० ते १५ अंश पुढे गेल्यावर यायला हवा. तिथे तो आला तर पिस्टनला जोराची ढकल मिळते. म्हणून डिझेल पिस्टन टॉपला पोहोचण्याच्या आधीच सोडावं लागतं. किती आधी, हाच सगळा प्रश्न.

ज्यांचं लहानपण सोलापुरात मागाच्या आवाजात गेलं त्यांना हे एका वाक्यात समजेल. यंत्रमागावर ताण्याचे धागे वरखाली होऊन मध्ये वाट उघडते आणि त्या वाटेतून धोटा पलीकडे फेकला जातो. पलीकडे पोहोचायला धोट्याला ठरावीक वेळ लागतो. माग जोरात चालवायचा ठरवला तर तेवढ्याच वेळात माग जास्त फिरतो, म्हणून जॉबर (माग जुळवणारा कारागीर) धोट्याची फेक आधी आणतो. फेक उशिरा पडली तर वाट मिटताना धोटा आत सापडतो आणि ताण्याचे धागे पटापट तुटतात. इंजिनातला फवारा म्हणजे धोटा, आणि पिस्टनचं वर येऊन खाली जाणं म्हणजे वाटेचं उघडणं-मिटणं. धोटा किंवा डिझेल, कुणाचाच लागणारा वेळ आपल्या घाईनं कमी होत नाही. आपल्या हातात असतो तो फक्त सुरुवातीचा क्षण.

आता ॲडव्हान्स आणि रिटार्ड. फवारा लवकर सोडला तर ॲडव्हान्स, उशिरा सोडला तर रिटार्ड. रिटार्ड झालेली गाडी ओळखणं त्यातल्या त्यात सोपं असतं. सकाळी गार इंजिन चालू केलं की पांढरा धूर, डोळे चुरचुरतील असा. चढाला ओढ नाही, वजन घेतलं की काळा धूर, ॲव्हरेज घसरलेला, आणि एक्झॉस्टचा पाइप बाकीच्यापेक्षा जास्त तापलेला. कारण आग उशिरा लागते, पिस्टन तोवर खाली निघालेला असतो, आणि जी उष्णता पिस्टन ढकलायची ती एक्झॉस्टमधून बाहेर जाते. ट्रॉली ओढणाऱ्या गाडीत याचा फटका एक्झॉस्ट वॉल्व्हला आणि टर्बो असेल तर टर्बोला बसतो.

जास्त ॲडव्हान्सचं प्रकरण फसवं आहे. रिकाम्या गाडीत ती तरतरीत वाटते. दाब लवकर तयार होतो, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच उचल मिळते, धूरही कमी दिसतो. पण पिस्टन अजून वर येतो आहे आणि वरून आग त्याला खाली ढकलायला लागली आहे, अशी ही स्थिती. दोन विरुद्ध जोर एकमेकांवर आदळतात आणि सिलिंडरमधला कमाल दाब खूप वर जातो. तो दाब हेड वर उचलू पाहतो, बेअरिंग दाबतो, रिंगांच्या खाचा फोडतो. आणि यात सगळ्यात आधी हार मानतं ते हेड गॅस्केट.

इथेच माझा गैरसमज होता, आणि तो बऱ्याच जणांचा असतो असं मला दिसतं. "जास्त ॲडव्हान्स असता तर ठोका आला असता, मला कळलं असतं." रिकाम्या गाडीत, गार इंजिनात ठोका येतो कारण तिथे डिझेल पेटायला जास्त वेळ लागतो, तोवर बरंच डिझेल साठतं आणि मग ते एकदम पेटतं. आपल्याला ऐकू येतो तो त्या एकदम पेटण्याचा आवाज. ट्रॉली लावून घाट चढताना सिलिंडर तापलेला असतो, डिझेल लवकर पेटतं, आग सलग वाढते आणि ठोका उलट कमी ऐकू येतो. पण दर फेरीला डिझेल पूर्ण मापानं जात असतं आणि पेटणंही लवकर होत असतं, म्हणून कमाल दाब त्याच वेळी सर्वांत मोठा असतो. ज्या वेळी इंजिनाला सर्वांत जास्त त्रास होतो त्याच वेळी ते आवाज करून सांगत नाही. कानावर विश्वास ठेवून टायमिंग लावणाऱ्यांनी एवढं एक लक्षात घ्यावं.

अडीच मिलिमीटरचा हिशोब करू. पंपाचे बोल्ट ज्या लांबट खाचांमधून जातात त्या पंपाच्या मध्यापासून ६ सेंटिमीटरवर आहेत असं धरा. तिथे एक मिलिमीटर सरकणं म्हणजे पंप जवळपास एक अंश फिरणं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा पंपाचा एक होतो, म्हणून पंपाचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश. आमचा पंप अडीच मिलिमीटर सरकला होता, म्हणजे क्रँकवर जवळपास पाच अंश. जुन्या थेट इंजेक्शनच्या इंजिनांत मूळ टायमिंगच बहुधा टॉपच्या आधी १० ते २० अंशांच्या दरम्यान असतं. त्यात पाचाची भर पडली. डोळ्यांना जो फरक एका नखाएवढाही दिसत नाही तो इंजिनासाठी इतका मोठा होता.

मग पंपात वेगानुसार टायमिंग आपोआप बदलायची सोय नसते का? असते. लाइन पंपाला (ज्यात प्रत्येक सिलिंडरचा भाग एका रांगेत असतो) पुढच्या बाजूला वजनांचा टायमर असतो, वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पंपाचा शाफ्ट थोडा पुढे ढकलला जातो. आपल्याकडे मायकोच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या रोटरी पंपात आतल्या डिझेलच्या दाबावर सरकणारा छोटा पिस्टन तेच काम करतो. (मायको म्हणजे १९५१ साली सुरू झालेली, बेंगळुरूची मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे, पण गॅरेजात अजून मायकोच.) गोम अशी की हे टायमर मुख्यतः वेगाकडे बघतात, मागे किती वजन आहे याकडे नाही. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरात १५०० आरपीएमवर गाडी कण्हत चढत असते तेव्हा टायमर जवळपास झोपलेला असतो आणि पंप हातानं जिथे बसवला तोच आकडा राज्य करतो. ओढणाऱ्या गाडीत तो आकडा इतका महत्त्वाचा आहे तो यासाठी. गिअर खाली टाकायचा सल्लाही त्याच कारणानं खरा. दुसऱ्यात २२०० वर इंजिन फिरलं तर टायमर जागा होतो, पाण्याचा पंप आणि पंखा जोरात चालतात, आणि प्रत्येक फेरीला पिस्टनवरचा भार कमी होतो.

पंपाला कुणी हात लावला नाही तरी टायमिंग वर्षांनुवर्षं सरकत असतं. टायमिंग चेन ताणली, गिअरचे दात झिजले की पंप मागे पडतो, म्हणजे रिटार्ड होतो. नोझलची स्प्रिंग थकली की ते कमी दाबाला उघडतं, म्हणजे फवारा थोडा लवकर सुटतो, शिवाय तो नीट फुटत नाही, धार पडते. एकाच गाडीत दोन्ही चालू असू शकतं आणि एक दोष दुसऱ्याला झाकतो. त्यामुळे नोझल तपासल्याशिवाय पंपाला हात लावणं मला चुकीचं वाटतं. चाचांचा क्रम ठरलेला आहे: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, डिझेलच्या पाइपात कुठे हवा ओढली जाते का, टॅपेट (वॉल्व्हची फट), नोझल, आणि मग पंप. ओढ कमी असल्याची निम्मी प्रकरणं पहिल्या तीन गोष्टींतच सुटतात असं ते सांगतात. क्लच सुटतो आहे का आणि ट्रॉलीचं चाक जाम फिरतं आहे का हेही बघावं. इंजिनाला दोष देऊन आपण ट्रॉलीचं बेअरिंग विसरतो.

मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला हवं. सोलापुरात पारा ४२ वर गेला की हवा विरळ होते. २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत सिलिंडरमध्ये पाच-साडेपाच टक्के हवा कमी जाते. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून वजन घेतल्यावर धूर वाढतो. ही टायमिंगची चूक नाही, पंप फिरवून ती दुरुस्तही होत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या वेळी याच गाडीनं हीच ट्रॉली बिनतक्रार ओढलेली असते.

"हल्लीच्या डिझेलला ॲडव्हान्स जास्त लागतो" असंही ऐकू येतं. उलट आहे. डिझेल किती चटकन पेटतं हे सीटेन नावाच्या आकड्यानं मोजतात. आज पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या डिझेलचा सीटेन किमान ५१ असतो, नव्वदच्या दशकात तो ४५ चालायचा. म्हणजे आजचं डिझेल पेटायला कमी वेळ घेतं आणि जुनं इंजिन पुस्तकातल्या आकड्यावर लावलं तरी आग मूळपेक्षा किंचित लवकरच लागते. वर आणखी ॲडव्हान्स देण्याचं कारण उरत नाही.

टायमिंग मोजायच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि दोन्ही बघायला मिळाल्या तर जरूर बघा. लाइन पंपात ठिबक पद्धत. पहिल्या सिलिंडरचा पाइप काढतात, पंपावरच्या त्या बोंडातला डिलिव्हरी वॉल्व्ह आणि स्प्रिंग बाहेर काढून बोंड परत बसवतात आणि त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी लावतात. पंपाचा रॅक (डिझेलचं माप कमी-जास्त करणारी दांडी) पूर्ण डिझेलच्या बाजूला ठेवायचा, वरून डिझेल सोडायचं आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवत न्यायचं. आधी धार पडते, मग थेंब, मग थेंबांमधलं अंतर वाढतं. १५-२० सेकंदांना एखादा थेंब पडू लागला की तो फवारा सुरू होण्याचा क्षण. तिथे थांबून फ्लायव्हीलवरची किंवा पुलीवरची खूण वाचायची.

रोटरी पंपात मागच्या बाजूला मधोमध एक बोल्ट असतो. तो काढून तिथे डायल गेज (बारीक हालचाल सुईनं दाखवणारं मोजमापाचं साधन) बसवतात. इंजिन उलटं फिरवत गेलं की गेजची सुई एका जागी स्थिर होते, तिथे ती शून्यावर लावायची. मग इंजिन सरळ फिरवत पहिला पिस्टन टॉपला आणायचा. तोवर पंपाचा प्लंजर (डिझेल दाबणारा आतला दांडा) जेवढा उचलला गेला तेवढा आकडा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, गेजवर दिसतो. गार इंजिनासाठीचा खटका पंपाला असेल तर तो मोकळा करून ठेवायला हवा, नाहीतर आकडा खोटा येतो.

दोन्हीत एक काळजी सारखीच. शेवटचं फिरवणं नेहमी इंजिन चालतं त्याच दिशेनं व्हावं. खुणेच्या पुढे गेलात तर तिथूनच जरासं मागे आणू नका. चांगला पाव फेरा मागे जा आणि परत पुढे या. गिअर आणि चेनमधली ढील एका बाजूला बसली नाही तर मोजमाप दोन-तीन अंशांनी चुकतं आणि मग सगळं मोजणंच वाया. आकडा कोणता हवा हे गाडीच्या पुस्तकात, काही इंजिनांच्या पाटीवरही असतं. शेजारच्या गाडीचा आकडा घेऊ नये. त्याच घडणीच्या इंजिनात टर्बो असला-नसला तरी आकडा बदलतो.

पंप फिरवताना दिशा लक्षात ठेवा. पंपाचा शाफ्ट ज्या दिशेनं फिरतो त्याच्या उलट पंपाचं अंग फिरवलं तर ॲडव्हान्स, त्याच दिशेनं फिरवलं तर रिटार्ड. पाइपांचे नट ढिले केल्याशिवाय पंप ओढू नका, पाइप वाकतात आणि मग गळतात. उघड्या टोकांना लगेच टोप्या लावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीचा एक कण नोझल खराब करायला पुरतो. काम झाल्यावर हातपंपानं हवा पूर्ण काढा. आणि इंजिन चालू असताना सुटलेल्या फवाऱ्यापुढे बोट कधीच धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं आणि ते साधी जखम म्हणून सोडून देण्यासारखं नसतं, तडक दवाखाना गाठायला हवा.

ओढणाऱ्या गाडीसाठी माझं मत आता पक्कं आहे: पुस्तकातला आकडा, आणि त्यापलीकडे ॲडव्हान्स नाही. फरक करायचाच असेल तर क्रँकवर एक-दोन अंशांच्या आत, आणि तोही मोजून. कंपनीनं आकडा ठरवताना भरलेल्या गाडीचा विचार केलेला असतो. रिकामी गाडी पळवून जो हलकेपणा जाणवतो तो आपल्या कामाचा नाही, कारण आपण रिकामी गाडी पळवून पैसे मिळवत नाही. डिझेलचा स्क्रू वाढवणं, म्हणजे दर फवाऱ्याला जाणारं डिझेल वाढवणं, हे टायमिंगपेक्षा पूर्ण वेगळं काम आहे, पण गॅरेजात दोन्ही "पंप सेटिंग" या एकाच नावाखाली होतात. म्हणून नेमकं काय केलं हे विचारून घ्या. स्क्रू वाढवला की काळा धूर वाढतो, आणि पीयूसीला अशा जुन्या गाड्यांच्या धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे.

आमच्या गाडीचं हेड घासून घ्यावं लागलं, नवं गॅस्केट पडलं, चारही नोझल काढून दाब तपासले. दोन कमी दाबाला उघडत होती, ती दुरुस्त केली. पंप डायल गेजवर पुस्तकाच्या आकड्याला आला. एक्झॉस्टला तापमानाचा काटाही बसवून घेतला. टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान चढावर ७०० अंशांच्या वर राहू द्यायचं नाही एवढा नियम पाळतो, आणि काटा तिकडे सरकला की गिअर खाली टाकतो.

नंतर तीच ट्रॉली लावून तोच घाट चढलो. होटगी रोडवरचा तो हलकेपणा गेला होता. गाडी पूर्वीसारखीच, जरा जड वाटली. दुसऱ्या गिअरात, पाण्याचा काटा निम्म्याच्या खाली ठेवून वर पोहोचलो. परत आल्यावर चाचांनी फ्लँजवर आणि पंपावर छिन्नीनं नवी बारीक खूण केली, त्यावर पिवळा रंग लावला, आणि डायल गेजचा आकडा व तारीख दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यानं कोरून ठेवली. पुढे कुणी बोल्ट ढिले केले तर खूण बघून लगेच कळेल.